सकाळी पीसी चालूच होत नाही, दुपारी मात्र एका दाबात (असेंबल्ड, २०१८)

पत्रिकावाला | ४ डिसेंबर, दुपारी १:२०

मंडळी, तुळशीचं लग्न झाल्यापासून आमच्याकडे पत्रिका आणि अल्बमची रांग लागली आहे आणि नेमका आत्ताच पीसी रुसलाय.

मुक्काम निफाड तालुका. छोटं डीटीपी आणि फोटोचं दुकान आहे. मशीन मी स्वतः २०१८ च्या दिवाळीत जोडलं होतं: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). सात वर्षं निमूट चालला.

त्रास असा. सकाळी सातला दुकान उघडतो, भिंतीवरचं बटण चालू करतो, पीसीचं बटण दाबतो. सीपीयूचा पंखा पाव फेरा फिरतो, थबकतो आणि खेळ खलास. पुन्हा दाबलं की पुन्हा पाव फेरा. कधी आठव्या दाबाला चालू होतो, कधी पंचविसाव्या. एकदा चालू झाला की रात्रीपर्यंत हूं की चूं करत नाही. रेंडर लावा, चाळीस पानी अल्बम उघडा, काही फरक नाही. दुपारी जेवायला जाताना बंद करून आलो तरी एका दाबात उठतो.

कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवायला नेला, तिथे पहिल्याच दाबाला चालू. मी त्यांच्या डोळ्यांत खोटारडा. तरी त्यांनी ‘मदरबोर्ड जायला आलाय’ सांगून साडेसात हजारांचा आकडा दिला. घेऊ का? मुहूर्त कोणासाठी थांबत नाहीत.

लोकल_सात_बावन्न | ४ डिसेंबर, दुपारी १:३१

रॅम काढा, खोडरबराने पट्टी घासा, परत बसवा. माझा तीन वेळा असाच बरा झाला.

स्क्रूढिला | ४ डिसेंबर, दुपारी १:४४

४५० कमी पडतोय. ७५० घ्या, विषय संपवा.

तिखटमीठ | ४ डिसेंबर, दुपारी २:१०

थांबा हो, आल्या आल्या खरेदीला काय निघालात! २६०० ची वीज ६५ वॉट, १०५० टीआयची ७५. डिस्क, पंखे, बोर्ड सगळं धरलं तरी अडीचशेच्या आतच. शिवाय वॉट कमी पडत असते तर रेंडर लावल्यावर बंद पडला असता. इथे तर रेंडरला चालतो आणि रिकामा असताना उठत नाही.

रॅमचंही तसंच. रॅम बिघडली की पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळी. ‘पॉवर येत नाही’ आणि ‘डिस्प्ले येत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी. पत्रिकावाले, तुमचं पहिलं आहे. बरोबर ना? बोर्डावरचा छोटा दिवा लागतो का, नुसतं भिंतीवरचं बटण दाबल्यावर?

पत्रिकावाला | ४ डिसेंबर, सायंकाळी ५:०५

हो, पहिलंच. दिवा लागतो. पण सकाळी जरा मंद वाटतो. वाटतो म्हणजे मला वाटतो, बायकोला नाही वाटत.

खोडरबर मारून झालं, त्यात नुकसान काय. फरक शून्य.

लोकल_सात_बावन्न | ४ डिसेंबर, सायंकाळी ५:२०

मग ग्राफिक्स कार्ड काढा आणि केबल बोर्डाच्याच एचडीएमआयला लावून बघा.

तिखटमीठ | ४ डिसेंबर, सायंकाळी ५:३२

२६०० मध्ये ग्राफिक्स नसतंच, ते जी अक्षरवाल्या रायझनमध्ये असायचं. केबल लावली तर काळी स्क्रीनच दिसेल आणि पत्रिकावाले घाबरून बोर्ड घेऊन येतील. कार्ड काढून बघायला हरकत नाही, पण स्क्रीनकडे बघू नका. पंखा टिकतो का एवढंच बघा.

अण्णा वायरमन | ४ डिसेंबर, रात्री ९:१५

मी कॉम्प्युटरवाला नाही, चाळीस वर्षं वायरिंग केलंय. कॅबिनेटला हात लागल्यावर मुंग्या येतात का? यूपीएस आहे का मध्ये?

पत्रिकावाला | ४ डिसेंबर, रात्री ९:४०

अण्णा, मुंग्या येतात! अनवाणी असलो तर हमखास. मला वाटायचं सगळ्यांनाच येतात.

यूपीएस आहे, ६०० व्हीएचा, बॅटरी कधीच मेलेली. तो बाजूला ठेवून थेट भिंतीत लावून बघितलं, सकाळी तेच रडगाणं.

अण्णा वायरमन | ४ डिसेंबर, रात्री १०:०२

सगळ्यांना नाही येत. ज्यांच्याकडे अर्थिंग नाही त्यांना येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन बारके कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागतं. त्यामुळे पीसी उठत नसेल असं नाही, पण आधी ते करून घ्या. वायरमनला बोलवा, स्वतः सॉकेटात काड्या घालू नका.

पत्रिकावाला | ६ डिसेंबर, सायंकाळी ४:३०

धागा बंद करायला हरकत नाही! भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मामा, कॅबिनेटचं बटणच खराब असेल. बटणाची वायर बोर्डावरून काढून त्या जागी रिसेटच्या बटणाची वायर लावली. दोन पिनांचाच खेळ. एका दाबात चालू. सहा वेळा बंद-चालू केला, सहाही वेळा उठला. साडेसात हजार वाचले.

स्क्रूढिला | ६ डिसेंबर, सायंकाळी ४:४१

अभिनंदन. पेढे?

मायक्रोफॅरड | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

धागा आत्ता वाचला. पेढे थोडे थांबवा. बटण दुपारी बदललंत, आणि दुपारी तर तो तसाही उठतच होता.

पत्रिकावाला | ८ डिसेंबर, सकाळी ७:२५

मायक्रोफॅरड, काल सकाळी एका दाबात, आज सकाळीही एका दाबात. आता बोला.

पत्रिकावाला | ९ डिसेंबर, सकाळी ७:५०

बोलू नका. आज एकोणीस दाब. मोजले.

तिखटमीठ | ९ डिसेंबर, सकाळी ९:३०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट), पण सहानुभूतीसहित.

एक विचारते. शनिवारी आणि रविवारी रात्री घरी जाताना भिंतीवरचं बटण बंद केलं होतं का?

पत्रिकावाला | ९ डिसेंबर, सकाळी १०:१०

रोज करतो. वडिलांचा नियम आहे, दुकान बंद म्हणजे मेन बंद. पण शनिवारी रात्री दोनपर्यंत अल्बम चालला होता, पीसी बंद करून तसाच झोपायला गेलो. रविवारी फायली पेनड्राइव्हवर टाकायला ठेवून निघून गेलो, संपल्यावर आपोआप बंद व्हायचं लावलं होतं. म्हणजे दोन्ही रात्री भिंतीवरचं बटण चालूच. काल रात्री आठवणीने बंद केलं.

अरे देवा.

मायक्रोफॅरड | ९ डिसेंबर, सकाळी ११:००

तिखटमीठ, मस्त पकडलंत. आता जरा लांबण लावतो, कामात असाल तर रात्री वाचा.

पीसी ‘बंद’ असतो तेव्हा एसएमपीएस पूर्ण झोपत नाही. आत एक छोटा वेगळा सप्लाय असतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत तो ५ व्होल्ट देत बसतो. २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी वायर ती हीच. बोर्डावरचा दिवा यावर लागतो. तुम्ही बटण दाबता ते बोर्डाला कळतं तेही याच्याच जिवावर. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर जमिनीला टेकवतो, म्हणजे मोठ्या सप्लायला सांगतो, चल उठ. बहुतेक एसएमपीएसमध्ये मोठ्या सप्लायच्या आयसीलाही (चिपलाही) सुरुवातीचं अन्न या छोट्याकडूनच मिळतं. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट जागेवर आले की राखाडी वायरवर ‘सगळं ठीक’ असा इशारा येतो आणि मगच प्रोसेसर काम सुरू करतो.

आता छोटाच अशक्त असेल तर? उठ म्हटल्याबरोबर त्याच्यावर भार येतो, तो मान टाकतो, मोठा अर्ध्यातच बसतो. तुमचा पाव फेरा.

थंडीचा संबंध कपॅसिटरशी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओला द्रव असतो. वर्षानुवर्षं उष्णतेने तो वाळत जातो, साठवण घटते, आतला अवरोध वाढतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मोठा सप्लाय दिवसाचे दहा-बारा तास चालतो आणि त्याच्याजवळ पंखा असतो. छोटा मात्र पीसी बंद, पंखा बंद असतानाही त्या कोंदट कोपऱ्यात चालू. म्हणून पुष्कळदा आधी तोच म्हातारा होतो. आणि म्हाताऱ्या कपॅसिटरचा अवरोध थंडीत आणखी वाढतो. तुम्ही रात्री मेन बंद करता, निफाडच्या थंडीत तो पार गारठतो. मेन चालू ठेवलं की रात्रभर स्वतःच्या उबेवर बसतो. दुकानात नेलात तेव्हा किती वाजले होते?

पत्रिकावाला | ९ डिसेंबर, दुपारी १२:१५

दुपारचे दोन. गाडीच्या डिकीत, उन्हातून.

स्क्रूढिला | ९ डिसेंबर, दुपारी १२:३०

मग झालं की. मेन बंद करू नका. फुकटात काम.

मायक्रोफॅरड | ९ डिसेंबर, दुपारी १२:४४

आठवडाभर चालेल, महिनाभरही. पण मरायला टेकलेला स्टँडबाय शांतपणे मरेलच असं नाही. काही जुन्या बनावटीत तोच कपॅसिटर वाळला की ५ चे भलतेच जास्त व्होल्ट होतात, आणि ते थेट बोर्डात जातात. मग साडेसात हजारांचं भविष्य खरं ठरेल.

आधी सिद्ध करू. मल्टिमीटर आहे?

पत्रिकावाला | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

भाच्याचा आहे. एसएमपीएसही त्याने तपासला होता, हिरव्या आणि काळ्या वायरीत यू-पिन घालून. पंखा फिरला, १२ च्या जागी १२.०८ आले. म्हणून तर आम्ही त्याला निर्दोष सोडला.

मायक्रोफॅरड | ९ डिसेंबर, दुपारी १:२०

तपासणी योग्य, वेळ चुकीची. पुन्हा दुपारच! शिवाय बोर्ड जोडलेला नसताना स्टँडबायवर भारच नव्हता.

उद्या सकाळी असं करा. कनेक्टर बोर्डातच राहू द्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी काडी कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला, लाल काडी मागच्या बाजूने जांभळ्या वायरीच्या भोकात. (नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तशा असतील तर मॅन्युअलमधलं चित्र बघा, अंदाजाने खुपसू नका.) भिंतीवरचं बटण चालू केल्यावर किती, आणि पीसीचं बटण दाबताना किती. मान्य मर्यादा ४.७५ ते ५.२५. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहू शकतात.

पत्रिकावाला | १० डिसेंबर, सकाळी ८:३५

सकाळी ७:०५, दुकानात स्वेटर, वर मफलर, बायको टॉर्च धरून.

बटण चालू केलं. आकडा स्थिरच होईना. ३.६, ४.३, ३.९, पुन्हा ४.४, असा नाचत राहिला. पीसीचं बटण दाबलं की सरळ २.८ आणि पंख्याचा पाव फेरा. ७:२० ला ४.५ च्या आसपास. ७:३१ ला ४.७ दिसला, दाबला, आणि उठला. उठल्यावर पाच मिनिटांत ४.९८.

बायकोनेही मान्य केलं की दिवा मंद होता.

तिखटमीठ | १० डिसेंबर, सकाळी ९:००

टाळ्या! पण एक आडवी तपासणी करा. हेअर ड्रायर आहे घरात? उद्या सकाळी मेन बंद असतानाच एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून पाचेक मिनिटं कोमट हवा सोडा, हातभर लांबून, फुल गरम नाही. मग मेन चालू करा आणि एकदाच बटण दाबा. बोर्डाला, रॅमला हवा लागू देऊ नका, नाहीतर कोण बरं झालं ते कळणार नाही.

आणि यूएसबीला काय काय लावलंय? काही बोर्ड पीसी बंद असतानाही यूएसबीला वीज देतात, तीही या स्टँडबायमधूनच.

पत्रिकावाला | ११ डिसेंबर, सकाळी ७:४०

पारा ७ वर. ड्रायर पाच मिनिटं. मेन चालू. जांभळी ४.९१. एक दाब. चालू!!

ड्रायर बायकोचा आहे आणि तिने धागा वाचला आहे. ‘त्याला उदबत्ती पण ओवाळा’ म्हणाली.

यूएसबीला हब होता, त्यावर दोन पेनड्राइव्ह, डोंगल आणि मोबाइल चार्जिंगची वायर. परवा दुपारी सगळं काढलं होतं, त्यामुळे काल कदाचित लवकर उठला असेल.

तिखटमीठ | ११ डिसेंबर, सकाळी ९:१०

एका वेळी एकच बदल करा हो! असो, ड्रायरने निकाल दिला.

लोकल_सात_बावन्न | ११ डिसेंबर, सकाळी ९:२५

बोर्डावरचा बटणसेल पण बघा. तो गेला की काही बोर्ड उठत नाहीत.

पत्रिकावाला | ११ डिसेंबर, सकाळी ९:५०

भाच्याने मोजला होता, २.९८. शाबूत आहे.

आता प्रश्न असा. नवा घेऊ की दुरुस्त करू? इथे एक टीव्ही दुरुस्तीवाले आहेत, म्हणतात दोन कपॅसिटर बदलतो, चहापाण्याचे द्या.

मायक्रोफॅरड | ११ डिसेंबर, सकाळी १०:३०

दुरुस्ती होते, मी स्वतः करतो. पण पोट ज्या मशीनवर आहे त्यात सात वर्षांचा दुरुस्त एसएमपीएस मी घालणार नाही. स्टँडबायचा कपॅसिटर वाळला म्हणजे शेजारचे काही चिरतरुण नाहीत. कांस्य दर्जाचा (‘८० प्लस ब्रॉन्झ’ शिक्क्याचा) ४५० किंवा ५५० घ्या, वजनदार डबा आणि पाच वर्षांची वॉरंटी बघून.

अण्णा वायरमन | ११ डिसेंबर, दुपारी ३:००

अहो, दोन कपॅसिटरसाठी अख्खा डबा फेकायचा? आम्ही पंख्याचा कंडेन्सर बदलतो, पंखा नाही फेकत.

मायक्रोफॅरड | ११ डिसेंबर, दुपारी ३:४०

अण्णा, पंखा बिघडला तर नुसतं गरम होतं. हा बिघडला तर चाळीस लग्नांचे फोटो घेऊन जाईल. फेकू नका म्हणतो मीही. दुरुस्त करा, पण दुसऱ्या कामाला लावा.

तिखटमीठ | ११ डिसेंबर, दुपारी ४:०५

फोटोंचा बॅकअप आहे ना, पत्रिकावाले?

पत्रिकावाला | ११ डिसेंबर, दुपारी ४:५०

आज रात्री होईल.

स्क्रूढिला | ११ डिसेंबर, सायंकाळी ५:००

:)

पत्रिकावाला | १५ डिसेंबर, रात्री ९:२०

नाशिकहून ५५० वॉटचा आणला, ३,८०० ला. जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला वापरायच्या नाहीत एवढं भाच्याला माहीत होतं. सॉकेट सारखं दिसलं तरी कंपनीगणिक आतली जोडणी वेगळी असते म्हणे. आमच्या जुन्याच्या वायरी तशाही डब्यालाच चिकटलेल्या. बोर्ड, रॅम, कार्ड सगळं जुनंच. रात्री मेन बंद केलं, सकाळी ६ अंश, जांभळी ५.०४, एक दाब. तीन दिवस सलग.

जुना डबा त्या टीव्हीवाल्यांकडे उघडला. गंमत म्हणजे एकही कपॅसिटर फुगलेला नव्हता, वरून सगळे गुळगुळीत. स्टँडबायच्या आयसीजवळ करंगळीच्या नखाएवढा एक, हीटसिंकला (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसलेला. वर ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट छापलेलं, मीटरवर ११ आले. त्याच्या पुढचा १,००० चा ६०० वर. १०५ अंशवाले नवे घातले. आता तो दुकानातल्या एलईडी पट्टीला १२ व्होल्ट देतो.

साडेसात हजारवाल्यांना हे काही सांगितलं नाही. पत्रिका त्यांच्याही मुलीच्या आपल्याकडेच आहेत.

मायक्रोफॅरड | १५ डिसेंबर, रात्री ९:४५

हीटसिंकला खेटून! डिझाइन करणाऱ्याला निफाडला बोलवा, सकाळी सातला.

अण्णा वायरमन | १५ डिसेंबर, रात्री १०:१०

अर्थिंगचं काय झालं?

पत्रिकावाला | १८ डिसेंबर, दुपारी १:००

वायरमन आला होता, अण्णा. फेज ते न्यूट्रल २३४. फेज ते अर्थ ६० च्या आसपास नुसता नाचत होता, म्हणजे तिसऱ्या पिनला काही जोडलेलंच नाही. शटरचं प्लास्टर केलं तेव्हा गवंड्याने तार तोडून आत लिंपून टाकलेली. नवा खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून. आता फेज ते अर्थ २३३ आणि न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट.

मुंग्या गेल्या. नव्या एसएमपीएसनेही त्या येतच होत्या, हे मधल्या तीन दिवसांत अनवाणी पायांनी तपासलं.

अण्णा वायरमन | १८ डिसेंबर, दुपारी १:२५

दीड चांगलं आहे. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.

डोंगरकपार | ३ जानेवारी, सकाळी ११:१५

या धाग्याची वाखु (वाचनखूण) साठवली होती, उपयोगी पडली. माझा पीसी उलटा आहे, सकाळी उठतो आणि तासाभराने गरम झाला की पडतो. ड्रायर लावू का?

तिखटमीठ | ३ जानेवारी, सकाळी ११:२२

नको!! आधी प्रोसेसरचं तापमान किती दाखवतंय ते लिहा, आणि पंख्यावरची धूळ कधी काढली होती तेही.